लिनक्सचे अपडेट आपोआप, पण आपल्या सोयीच्या वेळेला

उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकलेल्या संगणकावर सुरक्षेचे अपडेट आपोआप बसतात. ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ नावाचं पॅकेज त्यात पहिल्यापासून असतं आणि चालूही असतं. अडचण वेळेची आहे. हे काम सकाळी ६ ते ७ च्या दरम्यान व्हावं असं ठरवलेलं असतं, आणि दिवसरात्र चालणाऱ्या सर्व्हरसाठी ते बरोबरच आहे. पण म्हापशाच्या डीटीपीच्या दुकानात किंवा सत्तरीतल्या गावच्या वाचनालयात सकाळी ६ वाजता संगणक चालू कोण ठेवतो? मशीन बंद असतं, वेळ टळते, आणि टळलेलं काम मशीन चालू केल्यावर पहिल्या तासाभरात उरकलं जातं. म्हणजे नेमकं साडेनऊला, पहिलं गिऱ्हाईक आधार कार्डाची झेरॉक्स मागत काउंटरवर उभं असतं तेव्हा. मशीन रेंगाळतं, मालक वैतागतो, आणि कुणीतरी ‘ते अपडेट बंदच करून टाक’ असा सल्ला देतो.

बंद करू नका. वेळ बदला. पुढचं सगळं त्यासाठीच आहे. उबंटू २२.०४ किंवा २४.०४ समोर आहे असं धरून लिहितो; मिंट आणि फेडोरा हे लिनक्सचे दुसरे प्रकार वापरणाऱ्यांसाठी शेवटाकडे थोडं आहे.

बंद का करू नये

जानेवारी २०२२ मध्ये ‘पॉलकिट’ या जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असणाऱ्या भागातला एक दोष जाहीर झाला. पीडब्ल्यूएनकिट असं त्याचं नाव पडलं. मशीनवर साधं, अधिकार नसलेलं खातं असलेला कुणीही त्यातून थेट रूट (मशीनवरचे सगळे अधिकार असलेला) होऊ शकत होता, आणि ही चूक त्या प्रोग्रॅममध्ये २००९ पासून होती. वाचनालयात मुलांसाठी वेगळं खातं उघडून ठेवलं असेल तर अशा दोषाचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. दुरुस्ती दोष जाहीर झाला त्याच दिवशी आली. ज्यांचे अपडेट आपोआप बसत होते त्यांना बातमी वाचायचीही गरज पडली नाही.

दुसरी भीती दुकानदारांची: ‘अपडेट झालं आणि फाँट हलले तर?’ ती रास्त आहे, पण इथे लागू पडत नाही. उबंटूच्या एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ चालणाऱ्या आवृत्तीत सुरक्षेचा अपडेट म्हणजे सहसा नवी आवृत्ती नसते. आहे त्याच आवृत्तीत तेवढी चूक दुरुस्त करून पाठवतात. लिब्रेऑफिसमध्ये लावलेली जत्रेच्या नाटकाची जाहिरात दुसऱ्या दिवशी उघडल्यावर जिथल्या तिथे दिसायला हवी, आणि दिसते. ब्राउझर हा अपवाद. तो सतत नवा होत राहतो, आणि त्यानं तसंच व्हावं.

आधी दोन गोष्टी तपासा

टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडा: कंट्रोल, आल्ट आणि टी एकदम दाबा. खालच्या सगळ्या कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं आणि इंग्रजीच आकडे वापरायचे. सुडो म्हणजे एस-यू-डी-ओ, ॲप्ट म्हणजे ए-पी-टी, सिस्टमसीटीएल म्हणजे ‘सिस्टम’ला जोडून सी-टी-एल. दिवसभर मराठीत टाइप करणाऱ्यांनी आधी सुपर (विंडोजची खूण असलेली की) आणि स्पेस दाबून कीबोर्ड इंग्रजीवर आणावा. सुडोच्या कमांडला तुमचा पासवर्ड लागतो; तो टाइप करताना स्क्रीनवर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत, त्यामुळे कीबोर्ड मराठीवर राहिला असेल तर कळतही नाही. नुसतं ‘सॉरी, ट्राय अगेन’ येत राहतं. फोनवरून विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं घोडं इथेच अडलेलं असतं.

पहिली गोष्ट घड्याळ:

टाइमडेटसीटीएल

‘टाइम झोन’च्या पुढे एशिया/कोलकाता दिसलं पाहिजे. तिथे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असेल तर तुम्ही दुपारी १:१५ सांगाल आणि अपडेट संध्याकाळी ६:४५ ला सुरू होईल. दुरुस्ती अशी:

सुडो टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता

एशियाचा ए आणि कोलकाताचा के मोठे लिहा.

दुसरी गोष्ट, पॅकेज आहे का:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल अनअटेंडेड-अपग्रेड्स

आधीपासून असेल तर तसं सांगून गप्प बसतं. नसेल तर बसवतं.

मग मेनूतून ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’ उघडा आणि ‘अपडेट्स’ या टॅबवर जा. रोज तपासा, सुरक्षेचे अपडेट आपोआप उतरवून बसवा, इतर अपडेट आठवड्यातून एकदा दाखवा, आणि नव्या आवृत्तीची सूचना फक्त दीर्घकाळ चालणाऱ्या आवृत्त्यांची द्या. हे चार पर्याय निवडले की चालू-बंदचा प्रश्न संपला. आता वेळ.

वेळ कशी बदलायची

मशीनमध्ये या कामासाठी दोन टायमर आहेत, आणि गोंधळ बहुतेक त्यांच्यातच होतो. ‘ॲप्ट-डेली’ हा नव्या अपडेटची यादी आणतो आणि पॅकेजं उतरवून ठेवतो. ‘ॲप्ट-डेली-अपग्रेड’ ती प्रत्यक्ष बसवतो. पहिल्याला इंटरनेट लागतं, दुसऱ्याला प्रोसेसर आणि डिस्क. मशीन रेंगाळतं ते प्रामुख्यानं दुसऱ्यामुळे, म्हणून वेळ त्याची बदलायची. पहिल्याला त्याच्या वाटेनं जाऊ द्या.

कोणती वेळ? गोव्यात हा प्रश्न सोपा आहे. दुपारी एक ते तीन-साडेतीन बरीच दुकानं बंद असतात, मालक जेवून आडवा झालेला असतो, मशीन मोकळं असतं. दुपारी १:१५ ही झकास वेळ. अट एकच: जेवायला जाताना संगणक बंद करायचा नाही, फक्त स्क्रीन लॉक करायची. आणि मशीन आपलं आपण झोपी जात नाही ना, हे सेटिंग्जमध्ये ‘पॉवर’खाली पाहून घ्यायचं. झोपलेल्या मशीनवर टायमर चालत नाही.

म्हापशात शुक्रवारची गोष्ट वेगळी. बाजाराच्या दिवशी पेडण्यापासून डिचोलीपर्यंतची माणसं येतात, दुपारचं शटर पडेलच याची खात्री नसते. तेव्हा शुक्रवार वगळायचा. रविवारी दुकान बंदच. टायमर उघडा:

सुडो सिस्टमसीटीएल एडिट ॲप्ट-डेली-अपग्रेड.टायमर

नॅनो नावाचा साधा एडिटर उघडेल. वर दोन ओळी हॅशच्या खुणेनं सुरू झालेल्या दिसतील, मध्ये रिकामी जागा, आणि त्याखाली आणखी बऱ्याच हॅशच्या ओळी. तुमचा मजकूर त्या रिकाम्या जागेतच लिहायचा. खाली कुठेतरी लिहिला तर जतन करताना तो टाकून दिला जातो. लिहायचं एवढंच:

[टायमर]
ऑनकॅलेंडर=
ऑनकॅलेंडर=मन..थू,सॅट *-*-* १३:१५
रँडमाइज्डडिलेसेक=५एम

इथे टायमरचा टी, ऑनकॅलेंडरचे ओ आणि सी, आणि शेवटच्या ओळीतले आर, डी व एस मोठे. दिवसांच्या इंग्रजी नावांची पहिली तीन अक्षरं घ्यायची, त्यातलं पहिलं मोठं. दोन टिंबं म्हणजे ‘पासून-पर्यंत’: सोमवार ते गुरुवार, आणि शनिवार. तीन चांदण्या म्हणजे कोणतंही वर्ष, कोणताही महिना, कोणतीही तारीख.

दुसरी ओळ रिकामी का, असं प्रत्येक जण विचारतो आणि निम्मे जण ती गाळतात. सिस्टमडीच्या (हे टायमर चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) टायमरमध्ये नवी वेळ लिहिली की जुनी पुसली जात नाही, दोन्ही चालू राहतात. बरोबरच्या खुणेपुढे काहीही न लिहिता सोडलेली ती ओळ जुन्या सगळ्या वेळा पुसते. ती नसेल तर अपडेट दुपारीही चालेल आणि सकाळी ६ चा राहिलेला फेराही साडेनऊला येईल.

शेवटची ओळ उशिराची मर्यादा सांगते. मूळ मांडणीत ती तासाभराची असते, म्हणजे १:१५ चं काम २:१५ पर्यंत कधीही सुरू होऊ शकलं असतं. जगभरची मशीनं एकाच मिनिटाला उबंटूच्या सर्व्हरवर तुटून पडू नयेत म्हणून ती सोय आहे. पाच मिनिटं आपल्याला पुरे.

कंट्रोल-ओ, एंटर, कंट्रोल-एक्स. आणि खात्री करायची:

सिस्टमसीटीएल लिस्ट-टायमर्स

येणाऱ्या यादीत ‘ॲप्ट-डेली-अपग्रेड’च्या ओळीत पहिल्या रकान्यात पुढची वेळ दिसते. तिथे १३:१५ च्या आसपासची वेळ आणि शुक्रवार आणि रविवार सोडून दुसरा दिवस असेल तर जमलं. सकाळचे सहा दिसले तर रिकामी ओळ तपासा.

एक बारकावा. टळलेला फेरा मशीन चालू झाल्यावर उरकण्याची सवय या टायमरला आहेच, आणि वेळ बदलली तरी ती राहते. एखाद्या दुपारी दुकान उघडलंच नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ते काम होईल. ही सवयही काढायची तर त्याच जागी ‘पर्सिस्टंट=फॉल्स’ अशी ओळ घालता येते. मी घालत नाही. चतुर्थीत सलग पाच-सात दिवस कुलूप असतं, त्यानंतर पहिल्या सकाळी थोडं रेंगाळलेलं चालतं. आठवडाभर राहिलेली दुरुस्ती आणखी एक दिवस लांबलेली मला आवडत नाही.

पावसाळा आणि वीज

जूनपासून सप्टेंबरपर्यंत वीज जाण्याचं काही खरं नाही. अपडेट बसत असताना मशीन धाडकन बंद पडलं तर काय?

लॅपटॉपची काळजी बरीचशी घेतलेली आहे. अनअटेंडेड-अपग्रेड्स बॅटरीवर चालत असताना काम सुरूच करत नाही. विजेची पिन लावलेली असेल तरच करतं. डेस्कटॉपला मात्र इन्व्हर्टरवर चाललोय की खांबावरच्या विजेवर, हे कळत नाही. तिथे यूपीएस हवाच, आणि त्याची बॅटरी प्रिंटर सोडून निदान दहा-पंधरा मिनिटं टिकली पाहिजे. लेझर प्रिंटर यूपीएसला जोडणारे लोक मी पाहिले आहेत. प्रिंट सोडली की यूपीएस ओरडतो. प्रिंटर थेट भिंतीवर.

तरी झालंच, तर घाबरू नका. हे पॅकेज सगळे अपडेट एका घासात न बसवता छोट्या छोट्या गटांत बसवतं, त्यामुळे फार तर एखादा गट अर्धवट राहतो. पुढच्या वेळी काही बसवायला गेलात की मशीन स्वतःच सांगतं की मागचं काम अर्धवट आहे. तेव्हा:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल

पहिली ओळ अर्धवट राहिलेली पॅकेजं मार्गी लावते, दुसरी त्यातून उरलेली तुटकी जोडणी सांधते. वीज नेमकी कर्नल (लिनक्सचा गाभा) बसत असताना गेली आणि मशीन सुरूच होईना, तर चालू करताना एस्केप दाबून पाहा, जुन्या मशीनवर शिफ्ट दाबून धरा. काळ्या पडद्यावर ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ दिसेल. त्यातला आधीचा कर्नल निवडा. उबंटू जुना कर्नल लगेच काढून टाकत नाही, तो अशाच वेळेसाठी. आत गेल्यावर वरच्या दोन कमांड चालवायच्या.

विजेशिवाय होणारा असाच अपघात माणसाच्या हातून होतो. रात्री बंद करताना कधी कधी अपडेट चालू असतो आणि पडद्यावर तसं लिहून येतं. घाईत बटण दाबून धरणं किंवा भिंतीवरचा स्विच पाडणं म्हणजे वीज गेल्यासारखंच. दुकानातल्या पोरांना हे एकदा नीट दाखवून ठेवा.

मोबाइलच्या नेटवर असताना

पावसात केबलवाल्याचं नेट गेलं की सगळे मोबाइलचा हॉटस्पॉट लावतात. दिवसाचा दीड जीबी असतो आणि एकट्या कर्नलचा अपडेट त्यातले शंभर-दोनशे एमबी सहज खातो. सेटिंग्जमध्ये वाय-फायवर जा, हॉटस्पॉटच्या नावापुढच्या चक्रावर टिचकी मारा आणि ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा. अनअटेंडेड-अपग्रेड्स ते पाहून थांबतं. एका हॉटस्पॉटसाठी एकदाच करायचं, मशीन लक्षात ठेवतं.

स्नॅपचं निराळं घड्याळ

उबंटूत फायरफॉक्स २२.०४ पासून स्नॅप (वेगळ्या पद्धतीचं पॅकेज) म्हणून येतो, आणि स्नॅपचा वरच्या टायमरशी काही संबंध नाही. तो दिवसातून चार वेळा स्वतःच पाहणी करतो. त्यालाही दुपार द्या:

सुडो स्नॅप सेट सिस्टम रिफ्रेश.टायमर=१३:००-१५:००

फायरफॉक्स उघडा असेल तर त्याचा अपडेट थांबून राहतो आणि ‘बंद करा’ अशी सूचना येते. जेवायला जाताना ब्राउझर बंद करायची सवय लावली की झालं. स्नॅपला मोबाइल नेटवर थांबवायचं असेल तर वेगळं सांगावं लागतं: ‘सुडो स्नॅप सेट सिस्टम रिफ्रेश.मीटर्ड=होल्ड’.

क्रोम किंवा बाहेरून जोडलेल्या भांडारातलं (पॅकेजं जिथून येतात त्या साठ्यातलं) काहीही या सगळ्यात येत नाही. अनअटेंडेड-अपग्रेड्स फक्त उबंटूच्या आपल्या भांडाराकडे पाहतं. शनिवारी दुकान बंद करण्याआधी ‘सुडो ॲप्ट अपडेट’ आणि मग ‘सुडो ॲप्ट अपग्रेड’ एवढं हातानं केलं तरी पुरतं.

रीबूट

कर्नल नवा बसला तरी मशीन रीबूट होईपर्यंत जुनाच चालू असतो. रोज रात्री बंद होणाऱ्या मशीनला याची चिंता नाही; आपोआप रीबूटची सोय मुळात बंद असते, बंदच राहू द्या. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग करणारं किंवा गेस्ट हाउसचं बुकिंग सांभाळणारं मशीन मात्र महिनोन्महिने चालू असतं. तिथे ही फाइल उघडा:

सुडो नॅनो /ईटीसी/ॲप्ट/ॲप्ट.कॉन्फ.डी/५०अनअटेंडेड-अपग्रेड्स

फाइलचं एवढं नाव टाइप करू नका. पन्नासचा आकडा आणि यू लिहून टॅब दाबा, पुढचं मशीन भरतं. फाइलमध्ये ‘ऑटोमॅटिक-रीबूट’च्या तीन ओळी सापडतील, प्रत्येकीच्या सुरुवातीला दोन तिरक्या रेघा. त्या रेघा काढल्या की ओळ लागू होते. पहिलीत ‘फॉल्स’चं ‘ट्रू’ करा. ‘ऑटोमॅटिक-रीबूट-टाइम’मध्ये ०३:०० द्या. तिसरी, ‘ऑटोमॅटिक-रीबूट-विथयूजर्स’, विसरू नका: ती मुळात ‘ट्रू’ असते, म्हणजे कुणी लॉगिन करून काम करत असलं तरी मशीन रीबूट होतं. तिथे ‘फॉल्स’ लिहा. पण मग एक गोम आहे: रात्री कुणी लॉगिन तसंच सोडून गेलं तर रीबूट होणारच नाही. अशा मशीनवर काम संपल्यावर लॉगआउट व्हायचं, नुसती स्क्रीन लॉक करून चालत नाही. ओळीच्या शेवटचा अर्धविराम पुसला गेला तर फाइल वाचताना ॲप्ट तक्रार करतं, तेव्हा तो जपा.

चाललंय का, हे पाहायचं कुठे

काहीही न बसवता नुसती रंगीत तालीम करता येते:

सुडो अनअटेंडेड-अपग्रेड --ड्राय-रन --डीबग

इथे अपग्रेडच्या शेवटी एस नको. भराभरा ओळी जातात. कोणती पॅकेजं बसवली असती ते शेवटाकडे असतं. प्रत्यक्ष काय झालं ते ‘/व्हार/लॉग/अनअटेंडेड-अपग्रेड्स’ या फोल्डरमधल्या त्याच नावाच्या लॉग फाइलमध्ये तारीखवार मिळतं. पहिल्या आठवड्यात एकदा पाहा, मग महिन्यातून एकदा.

दुपारी १:१५ नंतर तुम्ही हातानं काही बसवायला गेलात आणि ‘लॉक’ (एका वेळी एकाच प्रोग्रॅमनं पॅकेजं बसवावीत म्हणून असलेलं कुलूप) मिळाला नाही असा संदेश आला, तर अनअटेंडेड-अपग्रेड्सचं काम चालू आहे. थांबा. ती लॉक फाइल पुसून टाका असा सल्ला इंटरनेटवर जागोजागी सापडतो. तो ऐकलात तर दोन प्रोग्रॅम एकाच वेळी पॅकेजांच्या नोंदवहीत लिहायला बसतात.

मिंट, फेडोरा आणि जुनी आवृत्ती

लिनक्स मिंटमध्ये टर्मिनलची गरज नाही. अपडेट मॅनेजर उघडा, एडिटमधून प्रेफरन्सेस, तिथे ऑटोमेशन. त्याआधी टाइमशिफ्ट चालू करा. काही बिघडलं तर कालच्या अवस्थेत परत जाता येतं. फेडोरात हेच काम ‘डीएनएफ-ऑटोमॅटिक’ करतं. ते वेगळं बसवावं लागतं, आणि त्याचा टायमर वर दाखवला त्याच पद्धतीनं, त्याच रिकाम्या ओळीसकट बदलतो.

आणि ‘एलएसबी_रिलीज -ए’ चालवून तुमची आवृत्ती पाहून ठेवा. अनअटेंडेड-अपग्रेड्स २०.०४ वरून २२.०४ वर कधीच नेत नाही. २०.०४ चा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला. अशा मशीनवर टायमर रोज इमानेइतबारे चालतो, लॉगमध्ये तारखाही पडतात, फक्त मुख्य भांडारातून बसवण्यासारखं काही येत नाही. त्यासाठी एक तर उबंटू प्रो (जुन्या आवृत्तीला पुढेही सुरक्षेचे अपडेट देणारी सेवा) जोडा, वैयक्तिक वापराला ५ मशीनपर्यंत ते फुकट आहे, किंवा फायली पेनड्राइव्हवर काढून घेऊन एखाद्या रविवारी नवी आवृत्ती टाका. २२.०४ ला २०२७ पर्यंत वेळ आहे, २४.०४ ला २०२९ पर्यंत.